'हे खरे नाही' : एका तारांकित प्रश्नामागे लागले त्याचा अनुभव

मी आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीवर आहे. टाकी बांधून झाली, वरच्या वस्तीत नळ पण बसले, पण मधली पाइपलाइन टाकलीच नाही त्यामुळे नळाला आजपर्यंत थेंब नाही. आमदारांना आणून दाखवलं, त्यांनी पावसाळी अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, दिला की योजना अपूर्ण असताना पूर्ण दाखवून ठेकेदाराचं अंतिम बिल काढलं हे खरे आहे काय. उत्तर आलं, '(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' बस, एवढंच. त्या दिवशी पण वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन खालच्या विहिरीवरून येत होत्या, मला अक्षरशः रडू आलं.

आमदारांच्या पीएंना फोन केला. ते म्हणाले, "ताई, हक्कभंगाची नोटीस देता येईल, पण उत्तर चुकीचं आहे एवढ्यावर भागत नाही. माहीत असून लपवलं हे दाखवावं लागतं." विधिमंडळाचे विशेषाधिकार घटनेच्या कलम १९४ मध्ये आहेत, सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली तर तो हक्कभंग होतो, पण नजरचुकीने झालं म्हटलं की सुटले. आणि उत्तर मंत्री देत असले तरी मजकूर खालून येतो, मंत्रालय माहिती मागवतं, जिल्ह्याचं ऑफिस खालच्या इंजिनिअरकडून घेतं आणि तीच वर जाते. म्हणजे मला तो खालचा कागद हवा होता.

माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मागणी दोनच गोष्टींची, या प्रश्नासाठी पाठवलेली माहिती आणि योजनेचे पाहणी अहवाल. २९ व्या दिवशी नकार आला. कारण काय तर कलम ८(१)(ग), माहिती दिली तर विधानमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल! ज्यांनी सभागृहापासून माहिती लपवली तेच सभागृहाचा मान पुढे करत होते, याचा राग मला अजून आहे. २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत एवढंच म्हटलं की साहेब, पाहणी अहवाल प्रश्न विचारायच्या आधीपासून फाईलला आहे, तो दाखवल्याने कुठला विशेषाधिकार मोडतो? अपिलीय अधिकाऱ्यांनी फाईल बघायला द्यायचा आदेश दिला. त्यांनी नीट ऐकून घेतलं हे पण सांगायला पाहिजे.

फाईल बघायला गेले तर क्लार्क म्हणाला मॅडम उद्या या, मी आदेशाची कॉपी टेबलावर ठेवून तिथंच बसून राहिले. दोन तासांनी फाईल आली. एक एक पान उलटत गेले आणि मिळालं. १२ मेचा पाहणी अहवाल, 'मुख्य वाहिनीचे काम अपूर्ण, वरच्या वस्तीस पाणी पोहोचत नाही', खाली हिरव्या शाईत सही. त्याच्या पुढे २० जूनचं पत्र, वर 'तारांकित प्रश्न, तात्काळ' असा शिक्का, आत 'योजना पूर्ण असून पाणीपुरवठा सुरळीत आहे'. सही तीच, शाई पण तीच. सव्वा महिन्यात ना पाइप पडला ना खड्डा खणला गेला. २ रुपये पानाप्रमाणे पैसे भरून दोन्ही पानांच्या शिक्का मारलेल्या प्रती घेतल्या आणि बाहेर येऊन आधी फोटो काढून तिघांना पाठवले.

कोणी असं काही करणार असेल तर खरंच सांगते, गावातल्या सह्या, निवेदनं, फोटो यांनी उत्तर खोटं आहे एवढंच दिसतं, अधिकाऱ्याला माहीत होतं हे फक्त त्याच्याच सहीचा जुना कागद सांगतो, म्हणून तारखा बघा.

आमदारांनी दोन्ही प्रती जोडून अध्यक्षांकडे हक्कभंगाची नोटीस दिली. अध्यक्षांनी खात्याकडून खुलासा मागवलाय, प्रकरण सभागृहाच्या विशेषाधिकार समितीकडे द्यायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. मधल्या काळात सुधारित उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे'. आता खात्याने काय खुलासा केला त्याची प्रत मागायला मी परत अर्ज टाकलाय, येत्या १९ तारखेला त्याचे ३० दिवस भरतात.