तुम्ही विचारलंत म्हणून: कानातला आवाज

"काय मॅडम, येतो का अजून तो आवाज?"

बडकस चौकात भाजी घेताना, लग्नात जेवणाच्या रांगेत, फोन ठेवता ठेवता. पाच वर्षं झाली. विचारणाऱ्याच्या मनात माया असते हे मला कळतं, म्हणून "हो, थोडा" म्हणते आणि पुढे जाते. आज नीट उत्तर देते. तुम्ही विचारेपर्यंत नव्हता. विचारलंत आणि आला.

हा टोमणा नाही. खरंच असं होतं, आणि ते मला आजवर कोणालाही पटवून देता आलेलं नाही.

भाच्याच्या वरातीत डीजेच्या गाडीला खेटून अर्धा तास चालले आणि त्या रात्रीपासून डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नंतरचं माहीत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी कोमट तेल टाकायला सांगितलं आणि निम्म्यांनी "मनावर घेऊ नका". शेजारच्या काकूंनी तर मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घेऊन जा म्हणत आपण मारबतीचा पुतळा मिरवतो तेव्हा, गर्दीत उभं राहून माझ्यासाठी ओरडून घेतलं, "कानातला आवाज घेऊन जा गे मारबत!" त्या एकट्यांनीच मला काही शिकवलं नाही. त्यांचा हात धरून मी रडले होते.

"मनावर घेऊ नका" हे मात्र मला आजही लागतं. माझ्या आतल्या कानातल्या पेशी मेल्या आहेत. आवाज पकडणाऱ्या, केसांसारखी टोकं असलेल्या या पेशी एकेका कानात साधारण 15 हजार असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. माझ्या तपासणीच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खड्डा आहे, तो कागद माझ्या कपाटात आहे. कानाकडून त्या सुरांची खबर येईनाशी झाली की मेंदू आपल्या बाजूनं आवाज वाढवून बघतो. रेडिओवर स्टेशन लागत नाही म्हणून आपण बटण पिळत जावं आणि खरखरच मोठी व्हावी, तसं काहीसं. त्यात माझ्या मनाचा काय दोष?

पण त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट झाली, ती मी कोणाला सांगितली नव्हती. तपासणाऱ्या मुलीनं हेडफोन लावून माझ्या शिट्टीशी जुळणारा सूर शोधला आणि मग तो किती मोठा ते मोजलं. मी मनात प्रेशर कुकर धरून बसले होते. निघाला तो मला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या किंचित वर. कुजबुजीहूनही बारीक. ती म्हणाली, बहुतेकांचा एवढाच निघतो, आणि आवाज किती मोठा यावरून त्रास किती होईल ते ठरत नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. फी देऊन मी उठले आणि तिचा निरोपही घेतला नाही.

नंतर वाचलं की 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. पाच मिनिटांच्या आत त्यांच्यातल्या 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. गुणगुण, शिट्टी, भणभण. म्हणजे तुमच्याही कानात काहीतरी आहे. तुमचं मन त्याला दारातूनच परत पाठवतं. माझ्या मनानं त्याला खुर्ची दिली.

मी वहीच केली होती. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी कान लावायचा आणि 10 पैकी आकडा लिहायचा. आज 7. आज 8. त्या मुलीनं वही बंद करायला सांगितलं. दुसरं सांगितलं की पूर्ण शांततेत झोपू नका, एखादा मंद आवाज ठेवा, पण शिट्टी झाकून टाकेल एवढा नको, ती थोडी ऐकू येत राहिली पाहिजे, तरच मेंदूला तिची सवय होईल. तिसरं, आवाज आला की उठून त्याच्या मागे जाऊ नका, येऊ द्या.

मी वही बंद केली नाही. दुसरं उलटं केलं. तिसरं मात्र मन लावून शिकले.

उलटं म्हणजे कूलर. आपल्याकडचा पत्र्याचा मोठा कूलर नवतप्यात कसा गरजतो ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळा आला, सगळ्यांनी आपापले कूलर झाकून ठेवले, मी लावतच राहिले. पाणी नाही, पंप बंद, नुसता पंखा, फुल स्पीडवर. डिसेंबरच्या थंडीतही, अंगावर दोन रजया घेऊन. त्या घरघरीत शिट्टी पूर्ण बुडायची आणि मला झोप लागायची. घरात आम्ही दोघीच, आई शेजारच्या खोलीत. ती एकदा म्हणाली होती, "अवं, इतक्या थंडीत कूलर काऊन लावून राहिली?" मी चिडून बोलले, "तुला नाही कळणार."

त्या डिसेंबरातल्या एका पहाटे सहाला मी कूलर बंद केला. नेहमीसारखी शिट्टी वर आली. तिच्या आत काहीतरी वेगळं होतं, बारीक, थांबून थांबून येणारं. मला वाटलं, आवाज बदलला. आता नवीन काहीतरी सुरू झालं. आणि मी शिकवल्यासारखं केलं. उठले नाही. पलंगावर बसून श्वास मोजला, येऊ दे म्हटलं, वही ओढून 8 लिहिलं. मग पुढे कंसात लिहिलं, "वेगळा". चारपाच मिनिटं गेली असतील.

तो आईचा आवाज होता.

रात्री तीनच्या सुमारास ती बाथरूमला जायला उठली आणि पलंग आणि दार यांच्या मधे पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन तास थंड फरशीवर. मी दार उघडलं तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी हाका मारून राहिली होती नं. मग म्हटलं, झोपू दे पोरीला."

तीन तास कूलरचे. ते मी समजू शकते, यंत्र होतं, आवाज होता. ती चारपाच मिनिटं माझी आहेत. मला ऐकू येत होतं. माझ्या आईची हाक माझ्या कानापर्यंत पोचली होती आणि मी तिला आजार समजून बाजूला सारलं.

तुम्ही म्हणाल, यात तुमची काय चूक. म्हटलंतही, दवाखान्यात. तेव्हाही मला ते नको होतं.

ऑपरेशननंतर आई वॉकरवर आली आणि मी तिच्या खोलीत खाली गादी घालून झोपू लागले. कूलर बंद. रात्रभर मी तिचा श्वास ऐकायचे. शिट्टी होतीच, पण मला तिच्या पलीकडचं ऐकायचं होतं. वही कुठे गेली माहीत नाही. फेब्रुवारीत एक दिवस ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, आई आतून काही सांगत होती, आणि एकाएकी लक्षात आलं की सकाळपासून शिट्टी ऐकलीच नाही. लक्षात आलं त्याच क्षणी ती आली. पण सकाळ तर गेली होती, पूर्ण, तिच्याशिवाय.

मग "मनावर घेऊ नका" म्हणणारे बरोबर होते का? मी हे स्वतःशी खूप भांडले आहे. मी काही चांगले विचार केले नव्हते. हिंमत धरली नव्हती. मला भीती वाटत होती, आई पुन्हा पडेल याची, आणि ती भीती शिट्टीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली, एवढंच. हे कोणाला उपाय म्हणून सांगता येत नाही. वही लिहिणाऱ्या बाईला मी आज काय सांगू? तू लिहितेस म्हणून ती वाढते, असं? ते तिला सांगितलं होतं, चांगल्या शब्दांत, फी घेऊन. तिनं ऐकलं नाही, आणि ती मूर्ख नव्हती. ती घाबरलेली होती. वर्गात "मॅडम, डोकं दुखतं" म्हणणाऱ्या पोरींना मीच 28 वर्षं म्हणत आले, "लक्ष देऊ नको, जाईल." त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हे मला आता कळतं.

आई त्यानंतर 14 महिने होती.

तर, येतो का अजून? येतो. काही दिवस दोनदा, काही दिवस दिवसभर. ती गेली तेव्हा महिनाभर सतत होता. आता उन्हाळ्यात कूलर लावते तो पाण्यासकट आणि कमी स्पीडवर, शिट्टी थोडी ऐकू येईल असा. रात्री तीनला जाग येतेच. मग उठून कूलर बंद करते आणि शेजारच्या खोलीकडे कान देते. थोडा वेळ तशीच उभी राहते, आणि परत लावते.