किचनचा प्रिंटर आणि दुसराच कोणीतरी

सप्टेंबरातला शनिवार. कासला फुलं आली की यवतेश्वरचा घाट उतरून येणारी मंडळी साताऱ्यात जेवायला थांबतात, आमच्या हॉटेलात टेबल मिळत नाही. सातच्या सुमारास लाइट दोनदा झटके देऊन गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली, बदलायची राहून गेली होती. लाइट आली, पण काउंटरचा कॉम्प्युटर सुरू झाला नाही. आमचा सर्व्हर म्हणजे तोच. ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनचे तीन टॅब, किचनचा प्रिंटर, सगळं त्याच्यावर.

ती रात्र कार्बनच्या वहीवर काढली. वस्ताद, म्हणजे आमचे आचारी, एवढंच म्हणाले, "दादा, चिठ्ठी कशीही लिहा, टेबल नंबर तेवढा ठळक काढा."

रविवारी सकाळी घरचा कॉम्प्युटर आणला, सॉफ्टवेअर टाकलं, शुक्रवार रात्रीचा बॅकअप चढवला. मेनू, दर, जुनी बिलं सगळं आलं. टॅब मात्र जोडेनात. जुन्या सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता 192.168.1.10 असा पक्का होता आणि टॅब तिथेच शोधत होते. नव्याला राउटरने शेवटचा आकडा 37 दिला होता. तो 10 केला, तरी जोडेनात. विंडोजने आमचं नेटवर्क 'पब्लिक' धरलं होतं, त्यामुळे फायरवॉल टॅबना दारातच अडवत होती. ते 'प्रायव्हेट' केलं, बिलिंगच्या प्रोग्रामला परवानगी दिली आणि तिन्ही टॅब जोडले गेले.

खरा वेळ खाल्ला तो किचनच्या प्रिंटरने. ऑर्डर जायची, केओटी (किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी) निघायची नाही. फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो स्वतःचा पत्ता छापून देतो. चिठ्ठीवर 192.168.1.50, सॉफ्टवेअरमध्येही तोच. पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का अशी कॉम्प्युटरवरून हाक मारली, उत्तर आलं. वायर बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, दीड तास गेला. साडेअकरा वाजले होते आणि पहिली गाडी दारात लागली होती. शेवटी वायर पुन्हा बदलायला म्हणून प्रिंटरमागून काढली आणि सहज स्क्रीनकडे पाहिलं. पिंगला उत्तर येतच होतं! प्रिंटर सुटा पडलेला असताना 50 वरून बोलणारा दुसराच कोणीतरी होता.

राउटरच्या यादीत सापडला: महिन्यापूर्वी बसवलेला डीव्हीआर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा. लाइट गेल्यावर राउटरही बंद पडून उठला आणि त्याने नव्याने पत्ते वाटताना 50 त्याला देऊन टाकला. आपोआप वाटायचे पत्ते 100 च्या पुढून ठेवले, डीव्हीआर बंद करून चालू केला, वायर लावली. अडकलेल्या केओटी एकामागून एक निघाल्या. कटरचा तो खट्ट आवाज ऐकून वस्ताद हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आले.

पहिलं बिल काढण्याआधी मात्र मी हात आवरला. बॅकअप शुक्रवारचा, म्हणजे शनिवारचे बिल क्रमांक पुन्हा पडले असते. जीएसटीत एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दोनदा चालत नाही. काउंटरवरच्या शेवटच्या बिलाची प्रत बघून पुढचा क्रमांक हाताने घातला.

रात्री शटर ओढल्यावर धाकटा भाऊ किचनच्या खिळ्याला टोचलेल्या शनिवारच्या केओटी एकेक काढून वाचत गेला आणि मी त्या कॉम्प्युटरमध्ये भरत गेलो. तेल लागलेल्या त्या चिठ्ठ्या संपायला दीड वाजला.