ठणठणीत डिस्क आणि टकटकणारी डिस्क

जूनच्या सुरुवातीला विजा कडाडून गेल्या आणि फोंड्यातल्या एका शूटिंगवाल्या काकांचा नॅस, म्हणजे बऱ्याच डिस्क एकत्र ठेवणारा नेटवर्कवरचा साठवणीचा डबा, डेटा परत काढायला माझ्या टेबलावर आला. रात्री लाइट गेली, आली, परत गेली. सकाळी व्हॉल्यूम क्रॅश, आतलं काहीच उघडेना. 4 टीबीच्या चार डिस्क, रेड 5 पद्धतीने एकत्र जोडलेल्या; एका डिस्कइतकी जागा राखीव, म्हणजे वापरायला 12 टीबी. आत लग्नं, जत्रा आणि देवळांच्या उत्सवात गावची मंडळी करतात ती मराठी नाटकं. लग्नाची एखादी प्रत तरी घरच्यांकडे असते, या नाटकांची कोणाकडेच नसते.

काकांनी निदान आधीच करून ठेवलं होतं. "पहिली डिस्क टकटक करते. ती फेक आणि उरलेल्या तिघांवर चालू कर. एक गेली तरी चालतं, असं दुकानदार म्हणालेला."

दुकानदाराचं खरंच होतं. रेड 5 मध्ये डेटा सगळ्या डिस्कवर आडव्या पट्ट्यांत पसरतो. प्रत्येक पट्ट्यात तीन डिस्कवर डेटा असतो आणि उरलेल्या एकीवर त्या तिघांच्या एक्सऑरमधून (बिट-बिट जुळवण्याच्या गणितातून) आलेली पॅरिटी, म्हणजे ताळा. एक गेली तर बाकीच्यांवरून तिचं काढता येतं. दोन गेल्या की संपलं.

मी डिस्क एकेक करून फक्त वाचण्यापुरत्या जोडल्या आणि एमडीॲडम या लिनक्सवरच्या रेडच्या प्रोग्रॅमने त्यांचे सुपरब्लॉक, म्हणजे प्रत्येक डिस्कवरच्या रेडच्या नोंदी, पाहिले. पहिली, दुसरी, चौथी यांचे इव्हेंट काउंट, म्हणजे बदलागणिक वाढणारे आकडे, जवळपास सारखे. तिसरीचा कितीतरी मागे, आणि शेवटची नोंद मार्चमधली! तिचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, मात्र एकदम स्वच्छ. बहुधा आपल्या दमट हवेत कनेक्टरवर चढलेल्या हिरवट थरामुळे ती ॲरेतून, म्हणजे चौघींच्या जोडणीतून, बाहेर पडली असावी.

"काका, मार्चमध्ये मशीन बीप करत होतं?"

"करायचं खरं. पोराने बंद केलं ते."

म्हणजे ठणठणीत डिस्क शिगम्यापासून झोपलेली, आणि एप्रिल-मेचा सगळा लग्नाचा मोसम त्या टकटकणारीवर विसंबून. काकांच्या सल्ल्याने गेलो असतो तर फोल्डर दिसले असते, जुन्या फाइल उघडल्याही असत्या, पण नव्यांचा चिखल झाला असता. वर माउंट करताना, म्हणजे उघडताना, जर्नलने (फाइल सिस्टिमच्या अर्धवट कामांच्या नोंदवहीने) डिस्कवर लिहिलं असतं ते वेगळंच.

टकटकणारीवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम लावला. तो आधी सहज वाचता येईल ते उचलतो, अडलेल्या जागा मॅपफाइलमध्ये टिपतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. मरणाऱ्या डिस्कला आधीच वाईट जागेवर घासत बसलं की उरलेलंही हातचं जातं. समोर टेबल फॅन ठेवला, बाकीच्यांच्याही प्रती काढल्या. मूळ डिस्कना पुन्हा हात लावला नाही. ॲरे जुळवला तो प्रतींवर, ओव्हरले टाकून, म्हणजे नवं लिहिलेलं वेगळ्या फाइलमध्ये जाईल असं करून.

शेवटी टकटकणारीचे काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचताच आले नाहीत. इथे मला या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट करता आली. त्यातले बहुतेक जुन्या नाटकांच्या फाइलमध्ये पडत होते, मार्चच्या आधीच्या. ते पट्टे नंतर कोणी बदललेच नव्हते, म्हणून तेवढ्यापुरती ती झोपलेली तिसरी डिस्क विश्वासाची. दुसरी, तिसरी आणि चौथी यांचं एक्सऑर केलं, भोकं भरली. मे महिन्यातल्या एका लग्नात मात्र वरमालेच्या वेळी चित्र फुटतं, ते तसंच राहिलं.

काकांना बोलावलं. मी त्यांच्यासाठी नाटकाचा फोल्डर उघडून ठेवला होता. त्यांनी तो बंद केला आणि आधी जीएसटीच्या बिलांची एक्सेल शोधली.