घटनास्थळाचा दुसरा नकाशा

मे २०२५ मधील त्या रात्री जुळे सोलापुरातील एका बैठ्या घराशी मी पोहोचलो, तेव्हा मागच्या अंगणातील मोटर अजूनही चालू होती. हौद भरून पाणी अंगणभर पसरले होते आणि ती बंद करण्याचे भान घरात कोणालाच उरले नव्हते. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि अनेकदा ते अपरात्रीच येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या रात्री पावणेतीनला पाणी आले. घरच्या बाईंनी मागचे दार उघडून मोटर लावली, दार नुसते लोटले आणि दहा मिनिटे पाठ टेकावी म्हणून त्या आत गेल्या. मोटरीच्या घरघरीत तीन माणसे स्वयंपाकघरात केव्हा शिरली, हे कोणालाच कळले नाही.

भांडे पडल्याच्या आवाजाने घरमालक जागे झाले आणि मुलाची बॅट उचलून एकटेच धावले. त्यांच्यामागे पत्नी, पत्नीमागे रडत सहा वर्षांचा मुलगा. नऊ वर्षांची मुलगी पलंगाखाली शिरली, ती कुठे आहे हे पुढची दहा मिनिटे कोणालाच ठाऊक नव्हते. हॉलमध्ये झोपणाऱ्या आजी भिंत धरत पुढच्या दाराकडे निघाल्या. एका चोराने फिरवलेली कटावणी बॅटवर बसली आणि बॅट पिचली. ती चार बोटे वर बसली असती, तर मला वेगळाच पंचनामा लिहावा लागला असता. दोन्ही मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेले होते, ते चोरांनी सर्वांत आधी उचलले होते. ११२ वर फोन केला तो शेजाऱ्यांनी, तोही आतूनच, कारण त्यांच्या दाराला चोरांनी आधीच बाहेरून कडी घातली होती.

पावलांचे ठसे पाण्यात गेले होते. दोन पंचांसमोर मी घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढत असताना घरमालकांनी विचारले, “साहेब, पुन्हा असं झालं तर आम्ही काय करायचं?” माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माल परत मिळेल का, असे असंख्य वेळा विचारले होते; हा प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पंचनामा आटोपल्यावर मी एक कोरा कागद घेतला आणि तेच घर पुन्हा काढले. पहिल्या नकाशात चोरांची वाट होती, दुसऱ्यात घरच्यांची काढायची होती.

सर्वांनी एकत्र जमायचे ती खोली ठरवण्यातच बराच वेळ गेला. मुलांची खोली स्वयंपाकघराला लागून, म्हणून ती बाद. रस्त्याकडची खोली बरी होती, कारण तिच्या खिडकीतून आरडाओरडा केल्यास गल्लीला ऐकू जाईल. पण तिच्या दाराची आतली कडी अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर लोंबत होती. कपाटाला दोन कुलुपे लावणारे आपण लोक या कडीकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथे जाड अडसर बसवायचा, एक मोबाइल रात्री त्याच खोलीत ठेवायचा आणि ११२ ला आधी पत्ता व जवळची खूण सांगून मगच बाकीचे बोलायचे, असे ठरले.

खरी अडचण आजींची होती. ज्या घरात सर्वांत सावकाश चालणारे माणूस दारापासून सर्वांत जवळ झोपते, तिथे बाकीच्यांनी कितीही वेगाने पळून उपयोग नसतो. आजी पलंग हलवू देईनात. “मी त्या खोलीत गेले तर पहाटे दूधवाल्याला दार कोण उघडणार?” असा त्यांचा सवाल होता. शेवटी दुधासाठी पिशवी बाहेर टांगायची, या अटीवर त्या तयार झाल्या.

इशाऱ्यासाठी मुलीने ‘गड्डा’ हा शब्द सुचवला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, म्हणजेच गड्ड्याच्या दिवसांत तो घरात दिवसभर चालतो, म्हणून आजींनीच तो नाकारला आणि ‘पेंग्विन’वर एकमत झाले.

बॅटीवरून मात्र घरमालक अडून बसले. स्वसंरक्षणाचा अधिकार कायद्यात आहेच ना, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो आहे आणि गरजेपेक्षा अधिक इजा करू नये ही मर्यादाही ३७ व्या कलमात आहे. पण कलम कटावणी अडवत नाही. बॅट अडसराच्या आतच ठेवावी, दार फुटलेच तर ती उपयोगी पडेल, एवढेच मी म्हटले. त्यांच्या पत्नीने ते लगेच उचलून धरले.

त्याच सकाळी तालीम घेतली. आजी आधी चष्मा, मग पिशवी शोधत राहिल्या आणि दार बंद व्हायला पावणेदोन मिनिटे लागली. पलंग आत हलवल्यानंतर तेच काम पंचवीस सेकंदांत झाले. पाण्याच्या रात्री मोटर चालू असेपर्यंत मागच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप राहील, हे बाईंनी आपणहून सांगितले.

मी निवृत्त होईपर्यंत तो गुन्हा उघडकीस आला नाही. त्या सकाळी मी निघत असताना मुलगा फाटकापर्यंत आला आणि माझी बॅट परत केव्हा देणार, म्हणून विचारू लागला. ती मुद्देमालात जमा झाली आहे आणि आता न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाही, हे मी त्याला दोनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा त्याने तेच विचारले.