अण्णांच्या तोंडात अळ्या झाल्या तेव्हा

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तो आषाढात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पलूसहून सांगलीला आणून दवाखान्यात ठेवलं. नाकातली नळी ओढून काढायचे, म्हणून त्यांचा डावा हात कॉटला बांधला. मला विचारलं होतं, मीच हो म्हणालो.

अकराव्या दिवशी ते सारखी मान हलवू लागले. तोंडाला घाण वास, लाळेत रक्त. नळीमुळं असेल असं वाटलं. रात्री तोंड पुसताना मोबाईलच्या उजेडात वरच्या हिरडीत काहीतरी वळवळताना दिसलं. माझे हातपाय गळाले. सिस्टरना सांगायलाही माझी जीभ उचलेना. गावात म्हणतील, पोरानं बापाला किडे पडेपर्यंत बघितलं नाही.

डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, याला मायासिस म्हणतात. तोंड उघडं राहणाऱ्या, माशी हाकलता न येणाऱ्या पेशंटला होतं. माशीनं अंडी घातली की बहुधा दिवसभरात अळ्या निघतात आणि मांस खात आत शिरतात. त्यांची श्वासाची छिद्रं शेपटाकडे असतात, म्हणून टर्पेंटाईनचा बोळा धरला की कोंडून बाहेर येतात. थेंबही घशात जाऊ नये म्हणून शेजारी सक्शन, म्हणजे तोंडातलं ओढून घेणारं मशीन, चालू. फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, त्यामुळं हे घरी कुणी करू नये. मग चिमट्यानं एकेक, तुटू न देता. पहिल्या दिवशी २७ निघाल्या, दुसऱ्या दिवशी ९, तिसऱ्या दिवशी २. अळ्या मरायला आयव्हरमेक्टिनची गोळी वजन बघून, कुटून नळीतून दिली.

खिडकीला जाळी नव्हती आणि खालीच ड्रेसिंगच्या कापसाचा डबा उघडा. त्यावर मी भांडलो, झाकण आलं, जाळी आली नाही. गणपती पेठेतून मच्छरदाणी आणून बांधली. दिवसातून चार वेळा तोंड आतून पुसायला मावशींनी शिकवलं. टाळू, गालाच्या आत, हिरडीच्या मागं, बॅटरी धरून.

अळ्या संपल्यावर सिस्टरना म्हणालो, हात सोडा, मी रात्रभर जागा बसतो. सोडल्याबरोबर अण्णांनी हात उचलला. नळीच ओढणार म्हणून मी पुढं झालो. त्यांनी नळीला हातही लावला नाही. नुसता वरचा ओठ चोळत राहिले, बराच वेळ.