व्हीलचेअरवाल्याने इशारा पातळीलाच निघावं

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची 39 आणि 43. चालता-फिरता माणूस दुसऱ्या आकड्यापर्यंत थांबला तरी एक वेळ चालेल. व्हीलचेअरवर, अंथरुणावर किंवा ऑक्सिजनवर असलेल्याने पहिल्या आकड्यालाच पूरपट्ट्यातून बाहेर पडायचं. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आणि आठवडाभर हटलं नव्हतं.

कारण साधं आहे. रस्ता कोरडा असेतोवर टेम्पो दारात येतो आणि त्यात माणूस, खुर्ची, गादी, कमोड, सगळं बसतं. एकदा बोट आली की फक्त माणूस जातो. बॅटरीची खुर्ची बोटीत कोणी घेत नाही, आणि तिची मोटर व बॅटऱ्या सीटखाली असल्याने वीतभर पाण्यात ती निकामी होते. म्हणून घरात एक साधी घडीची खुर्ची हवीच, जुनी-पुराणी का असेना.

बोटीत चढवताना नेहमीची चूक म्हणजे माणसाला खुर्चीसकट उचलणं. खुर्चीचे हात टेकायचे दांडे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या निघणाऱ्या असतात, त्या धरून उचललं की हातात येतात. आधी लाइफ जॅकेट घालून माणूस दोघांनी उचलायचा, बोटीच्या मध्यभागी तळाशी बसवायचा, मग घडी केलेली खुर्ची. माणसाला खुर्चीला पट्ट्याने बांधून बोटीत कधीही बसवू नका. बोट कलंडली तर खुर्ची त्याला घेऊन बुडते.

जिन्यावरून खुर्ची उतरवताना माणसाचं तोंड उताराच्या दिशेला, खुर्ची मागे कललेली, मोठी चाकं पायरीवर. ताकदीचा माणूस मागे, दुसरा पुढून सांगाडा धरून. हे एकदा कोरड्या दिवशी करून बघा, पावसात शिकायची गोष्ट नाही.

ऑक्सिजनचं गणित तर वहीत लिहूनच ठेवावं. मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र, साधारण 350 वॉट खातो. घरच्या इन्व्हर्टरच्या 150 एएचच्या (अँपिअर-तास) एका बॅटरीवर तो तीन तासांच्या आसपास चालेल, बॅटरी जुनी असेल तर दीडच. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर असतो. मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर बारा तास. म्हणजे घरात थांबणं हा पर्यायच नाही, वीज गेली की घड्याळ सुरू.

पिशवीत पंधरा दिवसांचा साठा धरा. दिवसाला पाच कॅथेटर (लघवीच्या नळ्या) लागत असतील तर 75. फिट्सच्या गोळ्या चुकवता येत नाहीत, त्या आधी भरा. हवेच्या टायरसाठी पंप, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) झेरॉक्स, सगळं झिपच्या पिशवीत. खुर्चीवरची उशी विसरली की मणक्याची इजा असलेल्याला दोन दिवसांत जखम होऊ शकते, आणि ती भरायला महिने जातात. कमोडची खुर्चीही न्या. निवारा बहुधा शाळेत असतो. रॅम्प असेलही, पण शौचालय भारतीय आणि दार दोन फुटी, तर खुर्ची पंचवीस इंची. जूनमध्येच टेप घेऊन ते दार मोजून या.

ऐकू न येणाऱ्याला दवंडी आणि भोंगा दोन्ही फुकट. शेजारच्या दोन घरांवर जबाबदारी टाका की रात्री टॉर्च खिडकीवर मारायचा. अंध माणसाला पाण्यातून ढकलत नेऊ नका, त्याने तुमचं कोपर धरावं, तुम्ही काठीने पुढे चाचपडावं. उघडं गटार गढूळ पाण्यात डोळसालाही दिसत नाही.

2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची खबर त्यांच्यापर्यंत पोचवायची आहे. या नोंदीसाठी अर्ज साध्या कागदावर चालेल. नाव, पत्ता, मजला, उचलायला किती माणसं लागतात आणि ऑक्सिजन आहे का, एवढं लिहा. तलाठ्याकडे एक प्रत, पोच घ्या. पोच नसेल तर ऐनवेळी 1077 ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, फोन लावल्यावर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, तेही लाइन मिळाली तर.