आमची वाटचाल: तीन पिंपांपासून गाडीगणिक कार्डापर्यंत

आमच्या गॅरेजची सुरुवात तीन पिंपांवर झाली: इंजिन ऑइल, नव्वद नंबरचं गिअर ऑइल आणि लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. दोनच चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक गाड्यांचं तेवढ्यात भागायचं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या कामाला यायला लागल्या आणि हा हिशेब मोडला. आज पिंप एकही नाही. एकेक लिटरचे सीलबंद डबे आहेत आणि प्रत्येक गाडीचं एक कार्ड आहे. डब्यांपेक्षा कार्डाचा उपयोग जास्त होतो.

कार्डावरची पहिली नोंद ऑइलच्या नावाची नसते, ती पेट्यांची असते. इंजिन सोडून किती वेगवेगळ्या पेट्यांत ऑइल आहे, हे गाडी लिफ्टवर घेऊन मोजायचं. आडव्या इंजिनाच्या गाडीत बहुधा चार निघतात: गिअरबॉक्स, त्याला चिकटलेलं, ताकद मागे वळवणारं ट्रान्सफर युनिट, मागच्या डिफरेन्शिअलच्या तोंडाशी बसलेलं क्लच प्लेटचं कपलिंग आणि खुद्द डिफरेन्शिअल, म्हणजे वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची पेटी. पण 'बहुधा' या शब्दावर विसंबता येत नाही. काही गाड्यांत कपलिंग कारखान्यातूनच सीलबंद येतं, त्याला नटच नसतो. होंडाच्या जुन्या सीआर-व्हीत कपलिंग आणि डिफरेन्शिअल एकाच पेटीत, एकाच ऑइलवर चालतात, आणि ते ऑइल नव्वद नंबरचं नाही, होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड आहे. पाच गिअरच्या मॅन्युअल सुबारूत गिअरबॉक्स, मधलं आणि पुढचं डिफरेन्शिअल यांना मिळून साधारण साडेतीन लिटर एकच गिअर ऑइल लागतं. त्याच सुबारूच्या ऑटोमॅटिकमध्ये पुढच्या डिफरेन्शिअलचं ऑइल वेगळं, नटही वेगळा. इथे एक ठरलेली चूक होते. इंजिन ऑइल काढायला खाली गेलेला माणूस शेजारचा नट उघडतो, ऑटोमॅटिकचं ऑइल सांडतं, आणि वरून इंजिनात नवं ओतलं जातं. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिन काठोकाठ. आता आम्ही प्रत्येक नटाशेजारी रंगाचा ठिपका देतो आणि तोच रंग कार्डावर लावतो.

नव्वद नंबरचं पिंप बंद झालं त्याला कारण जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दोन दर्जांमधला फरक. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची दाब सोसणारी द्रव्यं जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतात. डिफरेन्शिअलच्या हायपॉइड दात्यांना ती हवीच, कारण तिथे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसटतातही. मात्र पितळी सिंक्रो रिंग (गिअर जुळण्याआधी दात्यांचा वेग सारखा करणारी कडी) असलेल्या मॅन्युअल गिअरबॉक्सला हीच द्रव्यं जाचतात. रिंगला लागणारी पकड सुटते, गिअर टाकताना खरखर येते, आणि गंधकाची द्रव्यं तीव्र असतील तर पितळ झिजतंही. म्हणून 'जीएल-५ वरचं आहे, ते सगळीकडे चालेल' हे आमच्याकडे चालत नाही. उलटही खरं: गाडीच्या माहितीपुस्तिकेत गिअरबॉक्सला जीएल-५ लिहिलं असेल, तर जीएल-४ घालून शहाणपणा करायचा नाही.

जाडीच्या आकड्यांबद्दलही गैरसमज फार. ७५डब्ल्यू-९० हे इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट जाड, असं ऐकू येतं. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला नव्वद नंबरच्या गिअर ऑइलची जाडी १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) दरम्यान असते, म्हणजे साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकीच. आणि 'जरा जाड घालू, आवाज कमी येईल' हाही उपाय नाही. ७५डब्ल्यू-८५ च्या जागी ७५डब्ल्यू-१४० घातलं की दाते ते घुसळत राहतात, उष्णता वाढते, इंधन जास्त जातं. आवाज बेअरिंगचा असेल, तर तो थोडे दिवस दबतो इतकंच.

कार्डाची सर्वात जास्त जागा कपलिंग घेतं. त्यातल्या प्लेटा ऑइलमध्ये बुडलेल्या असतात आणि गरजेप्रमाणे घसरत-पकडत ताकद मागे पाठवतात. ही घसरण गुळगुळीत राहावी म्हणून ऑइलमध्ये घर्षण सांभाळणारी द्रव्यं मोजून घातलेली असतात. चुकीचं ऑइल घातलं किंवा जुनं थकलं, की प्लेटा चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. परीक्षा सोपी आहे. गाडी गरम झाल्यावर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये गोल फिरवायची. मागून गुरगुर किंवा आचके आले, तर आधी ऑइलचा संशय घ्यायचा. बरेचदा नुसतं योग्य ऑइल दोनदा बदलून भागतं. एका बदलात सगळं जुनं ऑइल निघत नाही, प्लेटांमध्ये अडकून राहतं.

हॅल्डेक्स नावाच्या कपलिंगच्या पाचव्या पिढीबद्दल थोडं जास्त. यात बदलता येईल असा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे. प्लेटांचा झिजलेला काळा गाळ तिथे जमतो. जाळी तुंबली की पंप जोर लावत राहतो आणि शेवटी जळतो. तोवर डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही, फक्त ओल्या चढावर पुढची चाकं जागेवर फिरतात. नुसतं ऑइल बदलून जाळी साफ होत नाही. पंप बाहेर काढून ती धुवायची, नवी ओ-रिंग घालायची, मग ऑइल भरायचं. ऑइल एक लिटरच्या आतच लागतं. पंपापर्यंत न जाता केलेली सर्व्हिस आम्ही अर्धवट धरतो.

ट्रान्सफर युनिट छोटं आणि दुर्लक्षित. पुष्कळ गाड्यांत त्यात जेमतेम अर्धा लिटर ऑइल, शेजारून सायलेन्सरचा तापलेला पाइप, आणि काहींना खाली ड्रेन नटसुद्धा नाही. अशा ठिकाणी ऑइल शिजून डांबरासारखं होतं. नट नसेल तर फिलरच्या, म्हणजे ऑइल भरायच्या भोकातून नळी घालून ओढून काढायचं. 'आयुष्यभराचं ऑइल' हा शिक्का इथे आम्ही मनावर घेत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की ऑइल बदला म्हणते.

कामाचा क्रम आता पक्का आहे. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं आणि गाडी समपातळीत उचलायची. वायर ब्रशने नटाभोवतीची माती काढायची. मग आधी वरचा, फिलरचा नट उघडायचा. तो जाम असेल आणि ऑइल आधीच सोडलेलं असेल, तर गाडी लिफ्टवरच अडकते. निघालेलं ऑइल मापात मोजायचं आणि थोडं पांढऱ्या कागदावर घ्यायचं. गंधकाचा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल. कपलिंगच्या ऑइलला तसा वास नसतो, त्यामुळे कपलिंगमधून वास आला की आधी कोणीतरी चुकीचं भरलंय किंवा मधलं सील गेलंय. रंगावर मात्र जायचं नाही, एकाच लाल रंगात न जुळणारी कितीतरी ऑइल येतात. चुंबकाच्या नटावर राखाडी लोण्यासारखा थर असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारी कपची लागली की काम तिथेच थांबवून कव्हर उघडायचं. ऑइल दुधाळ असेल तर ब्रीदर, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी वाट, बघायचा. तापलेली पेटी पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला असला तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं.

नवा वॉशर घालून नट टॉर्क रेंचनेच आवळायचा, ॲल्युमिनियमच्या पेटीत आटे फार लवकर जातात. डिफरेन्शिअल बहुधा फिलरच्या काठावरून ऑइल ओघळेपर्यंत भरायचं. ऑटोमॅटिकचं लेव्हल मात्र इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान माहितीपुस्तिकेतल्या टप्प्यात आल्यावर बघायचं. अनेक गाड्यांत तो टप्पा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतो. निघालं किती आणि भरलं किती, दोन्ही आकडे कार्डावर लिहायचे.

कार्डाच्या तळाशी चार रकाने टायरचे आहेत, आणि ते बघून नवीन माणूस हमखास विचारतो की ऑइलच्या कामात टायर कशाला. खाच १ मिलिमीटरने कमी झाली की टायरचा घेर सुमारे ६ मिलिमीटरने घटतो. सुबारू चारही टायरच्या घेरात पाव इंचापर्यंतच, म्हणजे जवळपास तेवढाच फरक चालवून घेते. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले, की सरळ रस्त्यावरही कपलिंग अखंड घसरत राहतं, तापतं, आणि नवं ऑइल काही महिन्यांत काळं पडतं. म्हणून चारही खाचा मोजून आकडे लिहिल्याशिवाय कपलिंगचा नट आम्ही उघडत नाही.